सेजच्या पानातील अँटिऑक्सिडंट : ऊन, पाणी आणि माती यांचा खरा वाटा

पाचगणीजवळ पॉलिहाऊसमध्ये सेज या सुगंधी झुडपाची लागवड करणाऱ्या एका शेतकरी भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळलेली पाने घेणारा व्यापारी त्यांना सांगतो, की एड्रियाटिक समुद्राच्या काठी खडकांत उगवणाऱ्या रानटी सेजमध्ये अँटिऑक्सिडंट जास्त असतात, कारण ते झाड हाल सोसून वाढलेले असते. पॉलिहाऊसमधल्या लाडावलेल्या रोपांत ते कमीच राहणार. हे खरे आहे का, आणि खरे असेल तर पाणी तोडून रोपांना मुद्दाम ताण द्यावा का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सुगंधी वनस्पतींच्या पानांचे रासायनिक विश्लेषण करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे. व्यापाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. परंतु जे अर्धे खोटे आहे, त्याच्या भरवशावर पाणी तोडले तर पीक हातचे जाईल, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

आधी आपण कोणत्या द्रव्यांबद्दल बोलत आहोत ते ठरवू. सेज, म्हणजे साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, हे तुळशीच्या कुळातले झुडूप. त्याच्या पानात अँटिऑक्सिडंट म्हणून काम करणारी द्रव्ये डझनभर तरी सापडतात, पण त्यांतली महत्त्वाची घराणी दोनच. पहिले रोझमॅरिनिक ॲसिडचे. हे पाण्यात उतरते, तुळशीच्या कुळातल्या पुष्कळ वनस्पतींत असते आणि आपल्या अंगणातल्या तुळशीतही आढळते. दुसरे कार्नोसिक ॲसिडचे. हे तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ उतरत नाही, आणि वनस्पतिसृष्टीत ते फार थोड्या ठिकाणी भरपूर मिळते. सेज आणि रोझमेरी ही त्यांतली प्रमुख ठिकाणे. (रोझमेरीलाही २०१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ साल्व्हिया याच प्रजातीत धरतात, त्यामुळे ही दोन्ही नावे एकत्र येणे योगायोगाचे नाही.) १९५२ साली अमेरिकेत ३२ मसाल्यांची चाचणी झाली, तेव्हा डुकराची चरबी खवट होऊ न देण्यात रोझमेरी आणि सेज हे दोनच मसाले इतर सर्वांच्या पुढे निघाले. चरबीच्या त्या परीक्षेत त्यांना मिळालेल्या यशाचे मोठे श्रेय कार्नोसिक ॲसिड आणि त्याच्या भावंडांना जाते. सेजचा चहा करून पिणाऱ्याच्या पेल्यात मात्र प्रामुख्याने रोझमॅरिनिक ॲसिड आणि ल्युटिओलिनसारखी फ्लेव्होनॉइड्स येतात. कार्नोसिक ॲसिड बहुतांशी गाळणीतल्या चोथ्यात राहते. म्हणून ‘अँटिऑक्सिडंट जास्त की कमी’ या प्रश्नाला ‘कोणते, आणि कशासाठी’ हे जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

आता मुख्य मुद्दा. झाड ही द्रव्ये आपल्यासाठी बनवत नाही. स्वतःच्या संरक्षणासाठी बनवते आणि त्यासाठी ती खर्चही करते. कार्नोसिक ॲसिडचे वर्तन या दृष्टीने फार बोलके आहे. पानातल्या हरितलवकात ऊन गरजेपेक्षा जास्त शिरले, की ऑक्सिजनची आक्रमक रूपे तयार होतात. कार्नोसिक ॲसिड त्यांना निकामी करते आणि तसे करताना स्वतः ऑक्सिडाइझ होऊन कार्नोसॉल बनते. कार्नोसॉलमध्येही अँटिऑक्सिडंट गुण उरलेला असतो. ते पुढे झिजले की रोझमॅनॉल आणि तत्सम द्रव्ये होतात, आणि त्यांतही थोडा गुण शिल्लक असतो. एकाच रेणूची अशी पायऱ्यापायऱ्यांनी होणारी झीज ही या वनस्पतींची मोठी शक्ती आहे. पण याचाच अर्थ असा, की आपण पान तोडून प्रयोगशाळेत जे प्रमाण मोजतो, ती झाडाची एकूण कमाई नसते. कमाईतून खर्च वजा जाऊन उरलेली ती त्या दिवसाची शिल्लक असते. ताणाने कमाई वाढू शकते. ताणाने खर्चही वाढतो. कोणता वाढेल आणि किती, हे ताण किती तीव्र आहे, किती दिवस चालला आणि पान किती वयाचे आहे यावर ठरते.

हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. बार्सिलोना विद्यापीठातील संशोधकांनी २००० सालाच्या आगेमागे भूमध्य सागरी हवामानात उघड्या शेतात वाढलेल्या रोझमेरी आणि सेजवर सलग काम केले. उन्हाळ्यातील कडक ऊन आणि कोरडेपणा एकत्र आला, तेव्हा पानांतले कार्नोसिक ॲसिड वाढण्याऐवजी घटले आणि त्याची ऑक्सिडाइझ झालेली रूपे वाढली. त्याच वेळी पानातले ई-जीवनसत्त्व, म्हणजे अल्फा-टोकोफेरॉल, वाढले. २००३ मध्ये त्यांनी सेज आणि रोझमेरीबरोबर लेमन बामही घेतले. लेमन बाम ही याच कुळातली, पण कार्नोसिक ॲसिड नसलेली वनस्पती आहे. कोरड सोसताना तिन्हींच्या प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा शाबूत राहिली, मात्र संरक्षणाचा भार कोणत्या झाडाने कोणत्या द्रव्यावर टाकला यात फरक होता. मला या कामातून मिळालेला धडा असा, की झाडाकडे संरक्षणाची अनेक खाती असतात आणि एका खात्यातली शिल्लक कमी दिसली म्हणजे झाड निकृष्ट, असे म्हणता येत नाही. उलट ज्याने सर्वांत जास्त सोसले, त्याचेच कार्नोसिक ॲसिड तोडणीच्या दिवशी सर्वांत कमी भरू शकते. व्यापाऱ्याच्या युक्तिवादात खर्चाची ही बाजू सुटलेली आहे.

त्याच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवणे योग्य होणार नाही. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे सेजच्या रोपांना पाण्याचा ताण देऊन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पानांतील मोनोटर्पिनांचे, म्हणजे सुगंधी तेलातील घटकांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर हा परिणाम बराचसा भरून निघाला. यामागचे स्पष्टीकरण मला पटते. पाणी कमी झाले की पान आपली पर्णरंध्रे मिटते, कार्बन डायऑक्साइड आत येईनासा होतो, पण ऊन तर पडतच असते. साखर बनवण्यात वापरता न येणारी ती ऊर्जा कुठेतरी वळवावी लागते, आणि टर्पिनांसारखी ऊर्जेने भरलेली द्रव्ये बनवणे हा तिचा एक निचरा असतो. डोंगरउतारावरच्या सेजला येणारा दरवळ बहुधा असाच घडतो. मात्र हा दरवळ तेलाचा आहे. बाजारात ‘सुवास उग्र म्हणजे अँटिऑक्सिडंट जास्त’ असा हिशेब सर्रास केला जातो, आणि तो चुकीचा आहे. थुजोन आणि कापूर ही सेजच्या वासाची मुख्य द्रव्ये. अँटिऑक्सिडंट म्हणून त्यांची किंमत फार थोडी आहे. कार्नोसिक ॲसिड आणि रोझमॅरिनिक ॲसिड यांना जवळजवळ वासच नाही.

आता दोन भूमी शेजारी ठेवून पाहू. एड्रियाटिक समुद्राला लागून असलेल्या क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावर सेजला ‘काडुल्या’ म्हणतात. तिथे चुनखडीच्या उघड्या खडकांच्या भेगांत, मूठभर मातीत ते वाढते. पाऊस मुख्यतः शरद आणि हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि थंडीत ‘बुरा’ नावाचा कोरडा बोचरा वारा डोंगरावरून समुद्राकडे सुटतो. स्प्लिट शहराच्या अक्षांशावर जूनमधला दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा असतो. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर तोच दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, आणि तोही ढगांत बुडालेला. तिथे पाऊस थंडीत पडतो, इथे उबदार महिन्यांत. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि माती जांभ्याची, आम्लधर्मी. सेजला चुनखडीची, किंचित अल्कधर्मी, पाणी झटकन सोडणारी जमीन लागते. उंचीचा मुद्दा या सगळ्यात सर्वांत जास्त बोलला जातो आणि माझ्या मते त्याचे वजन सर्वांत कमी आहे. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात हे खरे, पण पॉलिहाऊसच्या प्लॅस्टिकखाली त्यांतला उपयोगी भाग, म्हणजे यूव्ही-बी, बहुतांशी अडतोच. या किरणांच्या मोजक्या मात्रेने फिनॉलिक द्रव्यांची, म्हणजे रोझमॅरिनिक ॲसिड ज्यात मोडते त्या गटाची, निर्मिती वाढते, असे रोझमेरीवरील प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा तुमच्या रोपांत काही कमी पडत असेल, तर त्याचे कारण ‘लाड’ या मोघम शब्दात शोधण्यापेक्षा छपराच्या कागदात आणि खताच्या मात्रेत शोधावे. नत्र जास्त झाले की पाने मोठी, मऊ, पाणीदार होतात आणि प्रत्येक ग्रॅममागे ही द्रव्ये विरळ होतात. रोझमॅरिनिक ॲसिड ज्या फिनिलॲलनिन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांपासून बनते, तीच प्रथिनांसाठीही लागतात, आणि भरपूर नत्रावर झाड वाढीला प्राधान्य देते.

परिस्थितीपेक्षा मोठा वाटा अनेकदा वंशाचा असतो, आणि तो या चर्चेत नेहमी गाळला जातो. जर्मनीतील गाटर्सलेबेन येथील बीजपेढीत जपलेले सेजचे नमुने एकाच जागी वाढवून तपासले गेले, तेव्हा ऊन, पाणी, माती सारखी असूनही त्यांच्या अँटिऑक्सिडंटमध्ये ठळक तफावत आढळली. २००९ मध्ये ट्युनिशियातील वेगवेगळ्या भागांत लागवड केलेल्या सेजची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात ठिकाणागणिक फरक दिसला, हे उपयुक्तच आहे. पण अशा तुलना वाचताना मी नेहमी पहिला प्रश्न विचारतो, की सगळीकडे एकाच मातृझाडाची कलमे लावली होती का. तसे नसेल तर फरक मातीचा की रक्ताचा, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. डाल्मेशियातले रानटी झाड आणि तुमच्या पॉलिहाऊसमधले, बहुधा बियांच्या पाकिटातून आलेले रोप यांची तुलना तर यापेक्षाही लंगडी आहे. कधीकधी जातच वेगळी असते. तुर्कस्तान आणि ग्रीसमधून येणारे सेज पुष्कळदा साल्व्हिया फ्रुटिकोसा असते. त्याच्या तेलात सिनिओल, म्हणजे निलगिरीच्या वासाचे द्रव्य, जास्त आणि थुजोन कमी. पाकिटावर मात्र दोन्हींना ‘सेज’ एवढेच लिहिलेले असते.

आता मोजमापाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक गैरसमज शेतात नव्हे, तर प्रयोगशाळेच्या टेबलावर तयार होतात. बाजारातले बहुतेक अहवाल डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रव्याचा रंग किती उतरला यावर किंवा फोलिन-सिओकाल्टो चाचणीतल्या निळ्या रंगावर आधारलेले असतात. या चाचण्या स्वस्त आणि झटपट आहेत आणि एकाच पद्धतीने केल्यास आपल्याच दोन वाफ्यांची तुलना करायला चांगल्या आहेत. पण फोलिनचे द्रावण फिनॉलबरोबरच क-जीवनसत्त्वालाही आणि काही शर्करांनाही प्रतिसाद देते. ओरॅक नावाच्या अशाच एका चाचणीच्या आकड्यांचा माहितीसंच अमेरिकी कृषी खात्याने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण ते आकडे शरीरातल्या परिणामांविषयी काही सांगत नसूनही जाहिरातींत वापरले जात होते. मी शेतकऱ्यांना सांगतो, की खर्च परवडत असेल तर एचपीएलसी, म्हणजे अर्कातले प्रत्येक द्रव्य वेगळे करून मोजणारी चाचणी, करून घ्या आणि अहवालात रोझमॅरिनिक ॲसिड, कार्नोसिक ॲसिड आणि कार्नोसॉल हे तीन आकडे वेगवेगळे मागा.

हे तीन आकडे का मागायचे, ते मी माझ्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात दोन शेतांतली सेजची पाने माझ्याकडे आली होती. एक शेत माळरानावरचे, दुसरे ठिबकवरचे. दोन्हींचा अर्क मी मिथेनॉलमध्ये काढला. पहिल्या शेताचे नमुने त्याच दिवशी यंत्रावर गेले. दुसऱ्या शेताचे नमुने यंत्र बंद पडल्यामुळे चार दिवस खोलीच्या तापमानाला तसेच राहिले. ठिबकवरच्या पानांत कार्नोसिक ॲसिड निम्म्याने कमी भरले, आणि पाण्यामुळे माल पातळ झाला असा अभिप्राय मी त्या शेतकऱ्याला लिहून दिला. काही आठवड्यांनी जुने आलेख पुन्हा पाहताना कार्नोसॉलचे शिखर अस्वाभाविक उंच दिसले. कार्नोसिक ॲसिड आणि कार्नोसॉल यांची बेरीज केली, तर दोन्ही शेते जवळजवळ सारखी होती. कार्नोसिक ॲसिड मिथेनॉलमध्ये टिकत नाही. ते त्या झाडाने खर्च केलेले नव्हते, माझ्या बाटलीत खर्च झाले होते. मी त्या शेतकऱ्याला दुरुस्ती कळवली, पण तोवर त्याने एका हंगामाचे पाणी कमी केलेले होते. तेव्हापासून मी अर्क त्याच दिवशी तपासतो, तोवर थंड आणि अंधारात ठेवतो, आणि दोन्ही द्रव्यांची बेरीज दिल्याशिवाय अहवालावर सही करत नाही. युरोपात रोझमेरीच्या अर्काला ई-३९२ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत परवानगी आहे. तिथेही प्रत कार्नोसिक ॲसिड आणि कार्नोसॉल यांच्या बेरजेवरच ठरते.

पानाचे वय, तोडणीचा महिना आणि वाळवण यांचा परिणामही डोंगर आणि समुद्र यांच्या फरकाइतका मोठा असू शकतो. कार्नोसिक ॲसिड शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत जास्त असते आणि पान जून होत जाते तसे कमी होते. देठ आणि लाकडी काड्या जवळजवळ रित्या असतात. त्यामुळे एका शेतातून शेंडे खुडले आणि दुसऱ्यातून बुंध्यापासून फांद्या कापल्या, तर तुलनेला अर्थ राहत नाही. फुले येण्याच्या आधी, दव उडाल्यावर तोडणी करावी. पाने पातळ थरात, सावलीत, ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आत वाळवावीत आणि अख्खीच साठवावीत. अख्ख्या वाळल्या पानात ही द्रव्ये ग्रंथींमध्ये बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. पूड केली की हवा प्रत्येक कणापर्यंत पोहोचते आणि झीज सुरू होते. मी पाहिलेल्या निकृष्ट मालात वाढवताना बिघडलेला थोडा होता, वाळवताना आणि साठवताना बिघडलेला पुष्कळ.

मग पाणी तोडावे का? सरसकट नाही. रोपे रुजत असताना आणि पहिल्या वर्षी तर मुळीच नाही. कोवळ्या रोपाला ताण दिला तर पानांची संख्या आणि आकार घटतो, आणि प्रत्येक ग्रॅममागे द्रव्य थोडे वाढूनही झाडामागे मिळणारे एकूण द्रव्य कमी होऊ शकते. पैसे तर तुम्हाला वजनावर मिळतात. मुरलेल्या झाडांना तोडणीच्या आधी आठ-दहा दिवस पाण्याच्या पाळ्या लांबवणे, पान कोमेजण्यापूर्वी पुन्हा पाणी देणे, एवढा सौम्य ताण करून पाहण्यासारखा आहे. त्याहून पुढे गेलात की खालची पाने पिवळी पडून गळू लागतील, आणि ज्या द्रव्यासाठी खटाटोप केला तेच झाड वापरून संपवेल. तुमच्या भागात मला पाण्याच्या कमतरतेपेक्षा जास्तीची काळजी वाटते. उंच गादीवाफे, भरपूर मुरूम किंवा जाड वाळू, मातीचा सामू तपासून चुन्याची मात्रा, पावसाळ्यात बाजूचे पडदे उघडे ठेवून खेळती हवा, आणि नत्र बेताने, एवढे केले तर मुळे कुजण्याचा मोठा धोका टळेल. मुळे निरोगी असतील तरच पानांच्या रसायनाचा विचार करण्यात अर्थ आहे.

एक सूचना सुरक्षिततेची. व्यापारी जर ‘उग्र’ माल मागत असेल, तर तो थुजोन मागत आहे हे लक्षात घ्यावे. डाल्मेशियन सेजच्या तेलासाठी असलेल्या आयएसओ ९९०९ या मानकात सिस-थुजोनचे प्रमाण १८ ते ४३ टक्के दिलेले आहे, आणि थुजोन मोठ्या मात्रेत मेंदूला घातक असून झटके आणू शकते. स्वयंपाकात पाने वापरणे वेगळे. सेजचे तेल पोटात घेऊ नये, आणि गरोदर स्त्रियांनी व फिट्सचा त्रास असलेल्यांनी सेजच्या औषधी मात्रेपासून दूर राहावे, हे पाकिटावर मराठीत छापून घ्या.

व्यापाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा आपल्याच जागेत एक छोटा पडताळा घ्यावा, असे मी सुचवतो. एकाच चांगल्या मातृझाडाच्या साठ फांद्यांची कलमे करा. वीस रोपे आहे त्या पॉलिहाऊसमध्ये, वीस बाहेर उघड्या उन्हात पण पावसाळ्यापुरत्या आडोशाला, आणि वीस पॉलिहाऊसमध्येच कमी नत्रावर ठेवा. पहिले वर्ष त्यांना फक्त वाढू द्या. दुसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरअखेरीस आणि पुन्हा फेब्रुवारीत, एकाच सकाळी, प्रत्येक झाडाच्या शेंड्याकडची वरची तीन जोड पाने खुडा, एकाच सावलीत वाळवा आणि प्रत्येक गटाचे वाळलेले वजन लिहून ठेवा. नमुन्यांच्या पिशव्यांवर ठिकाण न लिहिता फक्त क्रमांक टाका, म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात आधीच काही ठसणार नाही. अहवाल आला की कार्नोसिक ॲसिड आणि कार्नोसॉलची बेरीज व रोझमॅरिनिक ॲसिड हे दोन आकडे त्या गटातल्या झाडामागच्या सरासरी वाळलेल्या वजनाने गुणा. खुडलेल्या त्या पानांतून झाडामागे किती द्रव्य आले, ते कळेल. छपराचा कागद बदलायचा की खताची मात्रा, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवता येईल, आणि त्या कामात अहवाल वाचायला माझी मदत लागली तर मी ती आनंदाने करीन.